दादाची कॅसेट आणि नवी सीडी

आमच्या दादाला यंदा पंचावन्न पूर्ण झाली. महिनाभर आधीच वहिनीचा फोन, "वन्सं, ह्यांना काय द्यायचं हो? शर्टपीस घेतला की तो कपाटातच राहतो." मला एकदम त्याची ती कॅसेट आठवली. १९८८ साली पुण्याला कॉलेजात असताना मित्राकडून भरून आणलेली. 'क्वीन' या इंग्लंडमधल्या बँडचा 'अ नाइट ॲट द ऑपेरा' हा १९७५ सालचा अल्बम. मी तेव्हा दुसरी-तिसरीत. गाण्यातलं एक अक्षर कळायचं नाही, पण फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायचं काम माझं!

घरात आई वैतागायची, "काय तो आरडाओरडा!" पण त्यातला मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी हा आपल्या पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत शिकलेला पारशी मुलगा, मूळ नाव फारोख बलसारा, हे दादाने सांगितल्यावर तिचाही राग जरा निवळला. झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेल्या या मुलाने शाळेत असतानाच पियानो वाजवला, पोरांचा बँड काढला. दादा एकदा वाईहून एसटीने जाऊन त्या शाळेचं फाटक बघून आला होता.

तर ठरवलं, त्याच अल्बमची चांगली सीडी द्यायची. लेकीला घेऊन नेटवर शोधायला बसले आणि चक्रावलेच. एकच अल्बम, पण एक साधा, एक 'रिमास्टर्ड', एक दोन सीडींचा, एलपी वेगळी, आणि किमती पाचशेपासून पार चार हजारांपर्यंत. बचत गटाच्या मीटिंगमध्ये सहज विषय काढला, तर एक जण म्हणाली, "ताई, जुनंच गाणं ना? मग नवीन पैसे कशाला?" प्रश्न अगदी बरोबर होता. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून वाचत गेले, ओळखीच्या एका साउंडवाल्यालाही विचारलं.

मैत्रिणींनो, ही भानगड चकलीच्या भाजणीवरून चटकन कळते. गाणं रेकॉर्ड करताना ड्रम, गिटार, आवाज वेगवेगळे नोंदवतात. हे झाले तांदूळ, डाळी, धणे यांचे वेगळे डबे. मग ते प्रमाणात एकत्र करतात, ते मिक्सिंग, म्हणजे भाजणी दळून झाली. त्यानंतर विकायला पाठवण्याआधी शेवटचा हात फिरवतात, ते मास्टरिंग. रिमास्टर म्हणजे तेच दळलेलं पीठ पुन्हा नीट चाळणं. त्यातून डाळ काही वेगळी काढता येत नाही. ती काढायची तर मूळ डबे उघडून नव्याने दळावं लागतं, त्याला रिमिक्स म्हणतात. याच बँडचा १९७३चा पहिला अल्बम २०२४ साली असा नव्याने 'दळला', कारण त्यातल्या ड्रमचा आवाज त्यांना स्वतःलाच कधी आवडला नव्हता. वगळलेलं एक गाणंही परत घातलं. खोक्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्यावं, ते यासाठी.

मग चाळण्याने फरक पडतो का? कधी कधी खूपच. बीटल्सच्या सीडी पहिल्यांदा १९८७ साली निघाल्या आणि पुढची बावीस वर्षं लोक त्याच ऐकत होते. मग लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतल्या माणसांनी चार वर्षं खपून मूळ फितींवरून सगळं पुन्हा उतरवलं, ते ९ सप्टेंबर २००९ला बाजारात आलं. तिथे पैसे वसूल.

पण दुसरीही बाजू आहे. सीडी आल्यावर कंपन्यांमध्ये आवाज चढवायची चढाओढ लागली. हळू भाग मोठा करायचा, मोठा भाग दाबायचा, सगळं एका पातळीला. आमटीत मीठ, चिंच, गूळ काही कळू नये, नुसतं तिखट लागावं, तसं. २००८ साली मेटॅलिकाच्या नव्या अल्बमचं हेच झालं. तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये जास्त मोकळी वाजतात हे चाहत्यांच्या ध्यानात आलं आणि हजारोंनी सह्यांचा अर्ज केला. 'रिमास्टर्ड' लिहिलेल्या कित्येक जुन्या अल्बमांवरही हाच प्रयोग झालेला आहे. शिवाय आपला कानही फसतो. मोठं वाजतं ते चांगलं वाटतं. म्हणून दोन्ही ऐकताना आवाज सारखा लावून बघावा. आणि मोबाइलच्या बारक्या स्पीकरवरच ऐकणार असाल, तर हा खर्चच नको.

मी स्वतः आधी फसलेच! कुठलाही विचार न करता एक 'रिमास्टर्ड' गाण्यांचा संच मागवला होता, साडेसहाशे गेले, डोकं उठलं. दुसऱ्यांदा शहाणी झाले. २०११ साली बँडला चाळीस वर्षं झाली, तेव्हा बॉब लुडविग या नावाजलेल्या अमेरिकन तंत्रज्ञाने मूळ फितींवरून केलेली आवृत्ती घेतली. त्यातल्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'साठी तिघांचेच आवाज एकावर एक इतक्या वेळा चढवले होते, की फीत झिजून आरपार दिसायला लागली, असं बँडवाले सांगायचे. अशी गच्च वीण असली की नीट चाळलेलं उपयोगी पडतं.

एक धाकधूक मात्र होती. दादाने इचलकरंजीत तीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात काढली आहेत. कानात बोळेसुद्धा घालायचे नाहीत कोणी. गेल्या वर्षी तपासणीत निघालं, वरच्या पट्टीचं त्याला फार कमी ऐकू येतं. नातवंडं 'स', 'श' बोलली की तो "काय?" म्हणतो. अशा माणसाला बारीक सुधारणेची सीडी द्यायची म्हणजे चेष्टाच नाही का? वहिनीलाही हेच वाटत होतं, बोलली नाही इतकंच.

वाढदिवसाला लेकीने सीडी लावली. झांजा खणखणत होत्या, त्या आम्हा दोघींना ऐकू येत होत्या, दादाला नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी मनात म्हटलं, गेले पैसे. दोन-तीन गाणी गेली, तसा तो एकदम पुढे सरकला. "अगं, खाली हे काय वाजतंय? हे कॅसेटमध्ये नव्हतं!" लेक म्हणाली, "मामा, बेस गिटार. होतं, पण तुमच्या कॅसेटमध्ये उतरलंच नसेल." खालच्या पट्टीचं त्याचं ऐकणं अजून शाबूत आहे. तेच गाणं त्याने पाठोपाठ तीनदा लावायला सांगितलं. वहिनी पान वाढायचं सोडून दारातच उभी.

जेवणं झाल्यावर माळ्यावरचा जुना टेपरेकॉर्डर खाली काढला. आतला रबरी पट्टा वितळून चिकट झालेला. दादा म्हणाला, "हा पट्टा कुठं मिळतो का बघ गं. तीही एकदा ऐकू."