टाचण कुणासाठी?

जूनअखेर विदर्भातल्या शाळांची घंटा वाजते आणि वार्षिक नियोजन, घटक नियोजन, रोजचे पाठ टाचण यांचे कागद रंगू लागतात. वाशिम जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातले शिरपूर जैन याला अपवाद कसे असेल? प्रश्न एवढाच की, टाचण सही करणाऱ्या केंद्रप्रमुखांसाठी लिहायचे की समोर बसलेल्या पोरांसाठी?

आपल्या टाचणाचा मूळ साचा हर्बार्ट या जर्मन तत्त्वज्ञाचा. त्याच्या शिष्यांनी तो पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन अशा पंचपदीत बसवला. डी.एड.-बी.एड.च्या सराव पाठांतून ती पिढ्यान्‌पिढ्या घोटली गेली. शिकवण्याला क्रम आला, पण पायऱ्या शिक्षक चढत होता. मूल कुठे थांबले, हे वहीत दिसत नसे.

साधनांचा विचार महाराष्ट्रात वेगळ्या वाटेने आला. १९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेतून नई तालीम उभी राहिली आणि टकळीवरच्या सुतातून मोजणी, हिशेब शिकवणारी समवाय पद्धत रुजली. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा शंख-शिंपले, बिया, खडे हेच साहित्य झाले.

उद्दिष्टांना धार आली ती ब्लूमच्या १९५६च्या वर्गीकरणाने. ‘मुलांना समजेल’ ऐवजी ‘फरक सांगतो’, ‘वर्गीकरण करतो’ अशी डोळ्यांना दिसणारी क्रियापदे टाचणात आली. पुढे किमान अध्ययन क्षमता, २०१०चे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, २०१५चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र, २०१७च्या अध्ययन निष्पत्ती, २०२१चे निपुण भारत. दर फेरीला नावे बदलली, रकाने वाढले. सगळ्यांचे विचारणे मात्र एकच होते: तास संपल्यावर मुलाला नवे काय करता येते?

हा प्रश्न शिरपूरच्या वर्गात आणून पाहू. ‘वजन – ओळख’ एवढेच लिहिले तर तासाला दिशा नाही. त्याऐवजी उद्दिष्ट असे लिहू: मूल क्विंटलचे किलो करील आणि बारदान वजा करून निव्वळ वजन सांगेल. साहित्य घराघरांत आहे. सोयाबीन विकल्यावर मिळालेली काटापट्टी. समजा, सात कट्ट्यांचे वजन ४ क्विंटल २० किलो भरले आणि बारदान कट्ट्यामागे एक किलो धरले, तर निव्वळ माल ४१३ किलो. शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येकाला वेगळी पट्टी द्यावी. कुणी ४ क्विंटल ५ किलोचे ४५ किलो केले, तर चूक वजनाची नाही, स्थानिक किमतीची आहे. उद्याचा तास तिथून सुरू होतो.

गावातल्या पवळी मंदिराच्या भेटीचेही तसेच. ‘परिसरभेट’ लिहून मुले रांगेने जाऊन येतील. शाळेपासून मंदिरापर्यंतच्या वाटेचा दिशांसह नकाशा काढणे, हे ठरले की वळणे मोजली जातात, खुणा टिपल्या जातात. बालभारतीने तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हावार काढले, ते याच विचाराने.

यंत्रांनाही हीच कसोटी. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. धडा घरी पुन्हा ऐकता येणे, ही त्यामागची नेमकी गरज होती. गरज न ठरवता लावलेला व्हिडिओ तास भरून काढतो, एवढेच.

खरी अडचण बहुवर्ग शाळेची आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक. म्हणजे एका वर्गाला शिकवताना बाकीचे वर्ग काय करतील, हेही टाचणात हवे. स्वयंअध्ययन कार्ड, गटप्रमुख, तपासणीची सोय यांचा विचार आदल्या दिवशीच झाला पाहिजे. छापील मार्गदर्शिकेतून उतरवलेले टाचण इथे निरुपयोगी ठरते.

मग टाचण केवढे असावे? आज मुलाला काय करता येईल, त्यासाठी हाताशी काय आहे, ते जमले हे कसे कळेल. या तीन ओळी पुरेत. शेजारी कोरा समास ठेवावा आणि तास झाल्यावर कुठे अडले ते त्यात लिहावे. केंद्रप्रमुखांनी सही करण्याआधी तो समास वाचावा आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्यावरच बोलणे व्हावे. रकाने कमी झाले तरी चालतील.