डास तळ्यात नाहीत, ताटलीत आहेत

बागेत छोटंसं तळं करायचं म्हटलं की पहिली हरकत ठरलेली: "नको रे बाबा, डास होतील." सोसायटीच्या बैठकीत तर हे वाक्य ठरावाच्या थाटात मांडलं जातं. मांडणाऱ्याच्या बाल्कनीत दहा कुंड्या असतात आणि प्रत्येक कुंडीखाली पाणी साचलेली ताटली. तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्ती डासाची मादी अंडी घालते ती बहुतेक भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर. पिंप, कूलर, जुना टायर, फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली ही तिची आवडती ठिकाणं. ही अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात आणि पाणी पुन्हा चढलं की अळ्या बाहेर येतात. म्हणूनच ताटली नुसती ओतून भागत नाही, ती घासावी लागते. आपल्याकडच्या उबेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आरोग्य खातं आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतं, ते याच हिशोबाने. पण कोरडा दिवस पाळायचा राहून जातो आणि बोट तळ्याकडे दाखवलं जातं.

ताटलीत आणि तळ्यात फरक एकच, पण मोठा. ताटलीत अळीला खाणारं कोणी नसतं. अळीला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. डोकं खाली, शेपटीकडची नळी पृष्ठभागाला टेकवून ती लटकते. सावली पडली की वळवळत तळाशी जाते, आणि थोड्या वेळाने पुन्हा वर. गप्पी माशाचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, नेमकं या पृष्ठभागावरच्या शिकारीसाठी. खात्री करायची असेल तर ताटलीतलं अळ्यांचं पाणी गप्पी असलेल्या कुंडात ओतून पाहा. मासे कुठून कुठून धावून येतात आणि बघता बघता अळ्या फस्त होतात. भाषण द्यावं लागत नाही.

आता आक्षेपात तथ्य आहे तेवढं मान्य करू. मासे नसलेलं साचलेलं पाणी खरोखरच डास पोसतं. 1911 साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापावर अहवाल दिला, त्यात ठपका होता तो शहरातल्या विहिरींवर. पुढे अनेक विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. हिवताप पसरवणारा अॅनोफिलिस स्टीफन्सी विहिरीत आणि गच्चीवरच्या उघड्या टाकीत आजही सुखाने वाढतो. तेव्हा मासे सोडायचे नसतील तर तळं करू नका, इतकं सरळ आहे. आणि सोडलेत तर त्यांना पोटभर खाऊ घालू नका. भरल्या पोटी मासा अळीकडे ढुंकूनही बघत नाही.

बऱ्याच ठिकाणी हिवताप विभाग गप्पी मासे फुकट देतो. गॅम्बुशिया मात्र टाळा. डास खातो म्हणून तो जगभर नेला गेला आणि आज जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत बसला आहे. आपल्या ओढ्यांतला, डोक्यावर चमकता ठिपका असलेला पिकू हेच काम करतो. गप्पीसुद्धा परकाच, त्यामुळे जास्त झाले म्हणून नदीत सोडून पुण्य मिळवायला जाऊ नका.

बाकीचे समज झटपट उरकतो. "कारंजं लावलं की डास होत नाहीत": कोपऱ्यातलं पाणी स्थिरच राहतं, वीज गेली की सगळंच, शिवाय अंगावर सतत पाणी उडालेलं कुमुदाला मानवत नाही. "पाणी हिरवं झालं, बदलून टाका": तो रंग सूक्ष्म शेवाळाचा, ऊन आणि माशांचं उरलेलं खाणं यांवर पोसलेला. ताजं पाणी भरलंत तर नळाचं क्लोरीन पाणी निवळवणारे जिवाणू मारतं आणि आठवड्यात पुन्हा हिरवं. निम्मा पृष्ठभाग कुमुदाच्या पानांनी झाकला की शेवाळाचं ऊन तुटतं. त्याहून दाट पानं विरळ करा, कारण दाटीत अळ्या लपतात आणि माशांना सापडत नाहीत. "जलपर्णी पाणी शुद्ध करते, शिवाय फुलंही छान": इंद्रायणीकाठी किंवा पंचगंगेवर जाऊन या, मग बोलू. "तळ्याला खर्च फार": शेततळ्याला वापरतात तो 500 मायक्रॉनचा कागद खड्ड्यात अंथरला तरी बागेचं तळं होतं. "एकदा केलं की बघावं लागत नाही": उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उडतं, भर घालावी लागते, कुजकी पानं काढावी लागतात. कमी देखभाल म्हणजे शून्य नव्हे.

एका गोष्टीची भीती मात्र वाटायला हवी, आणि ती कोणालाच वाटत नाही: गच्चीवरच्या तळ्याच्या वजनाची. एक चौरस मीटर तळ्यात फक्त 30 सेंटिमीटर पाणी म्हणजे 300 किलो, कुंड आणि माती वेगळी. वावराच्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला सुमारे 150 किलो आहे. जमीन नसेल तर गच्चीवर तळं बांधण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.