पायलटचा बोनस कोण ठरवतो?
बीडच्या मुलांना पायलट व्हायचे तर प्रशिक्षणासाठी बारामती, गोंदिया गाठावे लागते. खर्च लाखांत. म्हणून आधी पगाराचे गणित समजून घ्या.

बोनस हक्काचा आहे का?
२०१५च्या दुरुस्तीने बोनस कायद्याची मर्यादा मासिक २१ हजार रुपये पगार अशी ठरली. त्यांना किमान ८.३३ टक्के. कंपनीच्या खासगी विमानाचा पायलट यात बसत नाही. त्याचा बोनस करारावर चालतो.

नवख्याला काय मिळते?
२०० उड्डाण तासांनंतर व्यावसायिक परवाना मिळतो. पण जेटसाठी 'टाइप रेटिंग' वेगळे. तो खर्च कंपनीने उचलला, तर बाँड लिहून घेतला जाऊ शकतो.

सही करण्याआधी काय पाहाल?
बोनसची रक्कम, तारीख आणि मध्येच नोकरी सोडल्यास काय, हे लेखी घ्या. कर्जाचा हप्ता मूळ पगारावरच मोजा.