चीनची एकमेव महिला सम्राट खलनायिका होती का? एका फ्रेंच कादंबरीने मांडलेली तिची बाजू

चीनमधल्या शीआन शहराच्या वायव्येला छियानलिंग नावाची शाही समाधी आहे. तिथे दोन प्रचंड शिळा उभ्या आहेत. एक थांग घराण्यातल्या सम्राट गाओझोंगची. त्याच्या कारकिर्दीचं गुणगान त्या शिळेवर हजारो अक्षरांत कोरलंय. दुसरी शिळा त्याच्या राणीची असल्याचं मानलं जातं आणि ती उभारली तेव्हा तिच्यावर एकही अक्षर नव्हतं.

ही राणी म्हणजे वू झेटियन. चीनमध्ये दोन हजारांहून जास्त वर्षं सम्राटांचं राज्य होतं. एवढ्या काळात स्वतः सम्राटपद घेऊन गादीवर बसलेली बाई ही एकटीच. तरीही तिची ओळख उरली ती सत्तेसाठी स्वतःच्या मुलीचाही जीव घेणारी बाई म्हणून.

२००३ मध्ये पॅरिसमधून एक कादंबरी आली. नाव होतं ‘अँपेरात्रीस’, म्हणजे सम्राज्ञी. यात वूची गोष्ट खुद्द वू सांगते. लेखिका होती शान सा.

कोण आहे ही शान सा?

शान सा हे तिचं टोपणनाव. जन्म १९७२ चा, बीजिंगचा. लहानपणीच ती कविता लिहायला लागली होती. १९८९ मध्ये तिआनमेन चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन चीन सरकारने लष्कर घालून चिरडलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, सतराव्या वर्षी, ती पॅरिसला गेली. पुढे काही काळ तिने स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या बाल्थुस या प्रसिद्ध चित्रकाराकडे काम केलं.

१९९७ मध्ये तिची पहिली फ्रेंच कादंबरी आली, तिआनमेनच्याच पार्श्वभूमीवरची. २००१ च्या ‘ला जुअझ द गो’ या कादंबरीला फ्रान्समधले शाळकरी विद्यार्थी निवडतात तो गोंकूर पुरस्कार मिळाला. आणि त्यानंतर तिने थेट सातव्या शतकात उडी घेतली.

वू गादीपर्यंत पोचली कशी?

वूचा जन्म ६२४ च्या सुमाराचा. वडील मूळचे लाकडाचे व्यापारी. थांग घराण्याच्या संस्थापकाला त्यांनी साथ दिली आणि त्यातून त्यांना मोठं पद मिळालं. पण जुन्या खानदानी सरदारांच्या नजरेत हे कुटुंब हलकंच राहिलं.

साधारण चौदाव्या वर्षी वू सम्राट ताइझोंगच्या अंतःपुरात दाखल झाली, तीही खालच्या दर्जाची उपपत्नी म्हणून. हा तोच ताइझोंग, ज्याच्या काळात ह्युएन त्संग भारतातून परतला. ज्याने महाराष्ट्र आणि चालुक्य राजा पुलकेशी यांच्याबद्दल लिहून ठेवलं, तोच हा प्रवासी. ६४५ मध्ये तो चीनमध्ये पोचला, तेव्हा वू अंतःपुरातच होती.

६४९ मध्ये ताइझोंग वारला. रिवाजाप्रमाणे मूल नसलेल्या उपपत्नींची रवानगी मठात व्हायची. वूचीही झाली. तिची गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण नवा सम्राट गाओझोंग, म्हणजे ताइझोंगचाच मुलगा, तिच्यावर भाळला होता. त्याची पट्टराणी वांग हिला दुसऱ्या एका लाडक्या राणीचा काटा काढायचा होता. म्हणून वूला परत आणायला तिनेच हातभार लावला आणि तोच डाव तिच्यावर उलटला. ६५५ मध्ये वांग पदावरून गेली आणि वू पट्टराणी झाली.

पुढे गाओझोंगची तब्येत ढासळली आणि कारभार वूच्या हातात आला. ६८३ मध्ये तो गेल्यावर तिने आधी एका मुलाला गादीवरून उतरवलं, मग दुसऱ्याला नावापुरतं बसवलं. ६९० मध्ये मात्र पडदा दूर सारून तिने स्वतःचं झोऊ घराणं जाहीर केलं.

मराठीत ‘सम्राज्ञी’ म्हटलं की सम्राटाची पत्नीही चालते आणि स्वतः राज्य करणारी बाईही. चिनीत हे दोन शब्द वेगळे आहेत. पत्नीला ‘हुआंगहौ’, राज्यकर्त्याला ‘हुआंगदी’. वूने दुसरा शब्द घेतला, जो तोवर फक्त पुरुषांचा होता.

आरोप काय, आणि ते लिहिले कुणी?

सगळ्यात गाजलेला आरोप मुलीचा. वूची तान्ही मुलगी अचानक दगावली आणि आळ पट्टराणी वांगवर आला. वूनेच मुलीचा गळा दाबून वांगला अडकवलं, ही गोष्ट बारीकसारीक तपशिलांसह येते ती अकराव्या शतकातल्या ग्रंथांत. ‘नवा थांग इतिहास’ १०६० चा आणि सिमा ग्वांगचा प्रसिद्ध ग्रंथ १०८४ चा. म्हणजे घटनेनंतर तब्बल चारशे वर्षांनी.

दुसरा आरोप, वांगचे हातपाय तोडून तिला दारूच्या रांजणात टाकल्याचा. पण चीनच्या इतिहासात वूच्या आठशेहून जास्त वर्षं आधी ल्यू नावाची एक राणी होऊन गेली. आपल्या सवतीचे हातपाय तोडल्याची कथा तिच्या नावावर आधीपासून होती. त्यामुळे जुन्या दुष्ट राणीचा साचा नव्या राणीला चिकटवला गेला असावा, अशी शंका इतिहासकार घेतात.

हे ग्रंथ लिहिणारे होते कन्फ्यूशियस विचारांचे दरबारी अधिकारी. बाईने राज्य करणं हेच त्यांच्या लेखी सृष्टिक्रमाविरुद्ध होतं. शिवाय पुढच्या राजांना धडा मिळावा, हा इतिहास लिहिण्यामागचा उघड हेतू होता.

मग ती निर्दोष होती का?

अजिबात नाही. ६८६ मध्ये तिने तांब्याच्या पेट्या बसवल्या. लोकांनी त्यात तक्रारी, सूचना आणि चुगल्या टाकायच्या. पुढची काही वर्षं खबऱ्यांची आणि छळ करणाऱ्या अधिकाऱ्यांची होती. थांग घराण्यातले अनेक राजपुत्र मारले गेले. तिच्या एका मुलाला आत्महत्या करायला भाग पाडण्यात आलं.

पण त्याच काळात सरकारी नोकरीसाठीच्या परीक्षांना बळ मिळालं आणि खानदान नसलेल्या हुशार माणसांना दरबारात वाट मिळाली. ‘डिटेक्टिव्ह डी’ चित्रपटातला डी रेनजिए आठवतो? तो खराखुरा मंत्री होता आणि वूचा विश्वासू होता.

कादंबरी नेमकं काय करते?

शान साच्या कादंबरीत वू ‘मी’ म्हणून बोलते. लहानपण, अंतःपुरातली हजारो बायकांची घुसमट, भीती, महत्त्वाकांक्षा, म्हातारपण. दरबारी ग्रंथांत फक्त तिची कृत्यं आहेत. तिला काय वाटलं असेल, ही जागा त्यांत रिकामीच राहिली. कादंबरी ती जागा भरते.

यातला धोकाही ओळखायला हवा. सगळी गोष्ट एकाच तोंडून आली की समोरच्याची बाजू उरत नाही. अधिकाऱ्यांचा इतिहास एकांगी होता, तसंच हे आत्मकथनही एकांगीच. तिचे विचार, तिचे संवाद ही लेखिकेची कल्पना आहे, पुरावा नाही. म्हणून ‘वूची खरी गोष्ट’ म्हणून ही कादंबरी फॉरवर्ड करणं चूक ठरेल. पण ‘हे आरोप कुणी लिहिले, कधी लिहिले आणि का?’ हे विचारायला ती भाग पाडते आणि तिचं मोल तेच आहे.

वूची प्रतिमा आजही कुणी ना कुणी कापतजोडत असतं. २०१४ च्या शेवटी चीनमध्ये फॅन बिंगबिंगची वूवरची मालिका सुरू झाली आणि आठवड्याभरात बंद पडली. ती परतली तेव्हा कलाकारांचे खोल गळ्याचे पोशाख दिसू नयेत म्हणून दृश्यं थेट चेहऱ्यापर्यंत कापली होती.

आणि त्या कोऱ्या शिळेचं काय?

७०५ मध्ये ऐंशी ओलांडलेल्या, आजारी वूला बंड करून गादीवरून उतरवण्यात आलं. त्याच वर्षी ती गेली. सम्राटपद सोडून आपल्याला गाओझोंगची पत्नी म्हणून पुरावं, अशी तिची शेवटची इच्छा होती. तिचं नाव पुसून टाकणं थांग घराण्यालाही शक्य नव्हतं, कारण त्यानंतरचा प्रत्येक थांग सम्राट तिचाच वंशज होता.

शिळा कोरी का ठेवली, यावर तर्क अनेक आहेत. आपली कामगिरी शब्दांत मावणार नाही असं तिला वाटलं, तिच्याबद्दल काय लिहावं हे वारसांना ठरवता आलं नाही, किंवा निकाल पुढच्यांवर सोडला. पण आज ती शिळा कोरी नाही. नंतरच्या शतकांत आलेल्या लोकांनी तिच्यावर आपापले लेख कोरले. त्यात वूने स्वतः लिहिलेलं मात्र काहीच नाही.