शंभर मंत्र्यांचं सरकार

साम्यवादी देशाचं मंत्रिमंडळ नेमकं कसं चालायचं, यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं आणि मी सोव्हिएत संघाच्या मंत्रिपरिषदेच्या याद्या समोर घेऊन बसलो. गृह, अर्थ, परराष्ट्र, संरक्षण ही ओळखीची खाती सुरुवातीलाच संपली. पुढे तेल उद्योगाचा मंत्री, वायू उद्योगाचा वेगळा, लगदा आणि कागद उद्योगाचा एक, मासेमारीचा एक, ट्रॅक्टर आणि शेतीयंत्रांचा एक, हलक्या आणि अन्न उद्योगांना लागणारी यंत्रं व घरगुती उपकरणं बनवण्यासाठी आणखी एक. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला मंत्रालयं साठीच्या घरात होती, त्यांच्याखेरीज राज्य समित्या. 1977च्या राज्यघटनेनुसार पंधराही घटक प्रजासत्ताकांचे पंतप्रधान या परिषदेचे पदसिद्ध सदस्य. सगळे मिळून आकडा शंभरापलीकडे जायचा. एवढ्या मंडळींनी एकत्र बसून निर्णय घेणं अवघडच, म्हणून अध्यक्ष आणि उपाध्यक्षांचं एक छोटं अध्यक्षमंडळ रोजचा कारभार पाहायचं. आणि त्या अध्यक्षमंडळाच्याही वर पक्षाचं पॉलिटब्युरो. धोरण तिथे ठरायचं. ते अंमलात आणण्याची आणि फसलं तर जाब देण्याची जबाबदारी मंत्र्यांची.

सुरुवात याहून खूप लहान होती. नोव्हेंबर 1917मध्ये सत्ता हाती आल्यावर लेनिन यांच्या अध्यक्षतेखाली लोककमिसारांची परिषद स्थापन झाली. त्रोत्स्की परराष्ट्र खात्यावर, स्टालिन राष्ट्रीयत्वांच्या खात्यावर, लुनाचार्स्की शिक्षणावर, अलेक्सांद्रा कोलोंताई समाजकल्याणावर. एका दालनात सहज मावतील एवढीच माणसं. लेनिन यांच्यानंतर अध्यक्ष झालेले रिकोव्ह यांना 1938मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. स्टालिन यांच्या दडपशाहीच्या त्या दोन-तीन वर्षांत कमिसार होणं म्हणजे जीव धोक्यात घालणंच होतं. त्या वेळचे अध्यक्ष मोलोतोव्ह यांच्या पत्नी पोलिना झेमचुझिना 1939मध्ये मासेमारी खात्याच्या कमिसार होत्या. पुढे त्यांना अटक झाली, हद्दपारी झाली. नवरा सत्तेच्या शिखरावर असूनही स्टालिन यांच्या मृत्यूपर्यंत त्यांची सुटका झाली नाही. 1946मध्ये कमिसार मंत्री झाले आणि परिषद मंत्रिपरिषद झाली.

पुढचा काळ याच्या अगदी उलट टोकाचा. माणसं खुर्चीवर बसली की उठायचीच नाहीत. ग्रोमिको 1957 ते 1985 परराष्ट्रमंत्री. बेश्चेव्ह 1948 ते 1977 रेल्वेमंत्री. 1938 ते 1985 या जवळपास अर्ध्या शतकात अर्थखातं दोघांनीच सांभाळलं, आधी झ्वेरेव्ह आणि मग गार्बुझोव्ह. 1948मधले काही महिने मात्र ते अलेक्सेई कोसिगिन यांच्याकडे होतं.

मी ज्यांच्यापाशी थांबलो ते हे कोसिगिन. सेंट पीटर्सबर्गचा जन्म, वस्त्रोद्योगाचं शिक्षण, वयाच्या पस्तिशीत वस्त्रोद्योग खात्याचे कमिसार. 1942मध्ये वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमधून माणसं बाहेर काढण्याचं आणि गोठलेल्या लादोगा सरोवरावरून अन्न आत नेण्याचं काम पाहायला त्यांना पाठवलं होतं. 1964 ते 1980 ते मंत्रिपरिषदेचे अध्यक्ष होते. एवढा काळ त्या पदावर दुसरं कोणी टिकलं नाही. आपल्याकडच्या जुन्या पिढीला ते आठवतात ते ताश्कंदमुळे. जानेवारी 1966मध्ये शास्त्रीजी आणि अयूब खान यांच्यात मध्यस्थी करत ते दोन्हीकडे खेपा घालत होते. भारताच्या शिष्टमंडळात संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण होते. करारावर सही झाली त्याच रात्री शास्त्रीजी गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत कोसिगिनही होते.

या माणसाला मनापासून रस होता तो मात्र हिशोबात. त्यासाठी मंत्रिपरिषदेच्या हाताशी असलेलं यंत्र म्हणजे 1921मध्ये स्थापन झालेला राज्य नियोजन आयोग, गोसप्लान. मॉस्कोच्या ओखोत्नी र्‍याद रस्त्यावरच्या धिप्पाड दगडी इमारतीत त्याची कचेरी होती. तिथला मुख्य कागद म्हणजे वस्तूंचा ताळेबंद. समजा, पोलाद. कागदाच्या एका बाजूला वर्षभरात किती तयार होईल, किती आयात, किती शिल्लक. दुसऱ्या बाजूला कोणत्या मंत्रालयाला किती, बांधकामाला किती, निर्यातीला किती, राखीव किती. दोन्ही बेरजा जुळल्या पाहिजेत. मागणी जास्त निघाली तर पोलादमंत्र्याला सांगायचं, उत्पादन वाढवा. तो म्हणणार, मग कोळसा वाढवून द्या, खनिज द्या, मालडबे द्या. म्हणजे कोळशाचा ताळेबंद बिघडला. तो जुळवायचा तर खाणीला यंत्रं हवीत, आणि यंत्रांना पुन्हा पोलाद. असे सुमारे दोन हजार ताळेबंद, आणि प्रत्येकाचा धागा दुसऱ्यात अडकलेला. वर्ष संपायच्या आत सगळी फेरी पुन्हा पुन्हा करणं माणसांच्या आवाक्यातलं नव्हतं. अधिकारी एक-दोन फेऱ्या करत आणि उरलेली तूट कमी महत्त्वाच्या मानलेल्या खात्यांच्या माथी मारत. ती खाती बहुधा रोजच्या वापराच्या वस्तूंची असत.

1965पासून 1985पर्यंत या आयोगाचे अध्यक्ष होते निकोलाय बायबाकोव्ह, बाकूच्या तेलक्षेत्रातले अभियंते. 1942मध्ये जर्मन फौजा कॉकेशसकडे सरकत असताना स्टालिन यांनी त्यांना तिकडे पाठवलं. बायबाकोव्ह यांनी आठवणींत लिहिल्याप्रमाणे आज्ञा अशी होती, की शत्रूच्या हाती तेल लागलं तरी गोळी, आणि विहिरी आधीच उद्ध्वस्त केल्यावर शत्रू आलाच नाही तरीही गोळी. ते तगले आणि 1944मध्ये तेल खात्याचे कमिसार झाले. अशा माणसाकडे देशाच्या ताळेबंदाची जबाबदारी होती, आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला खरोखर आदर वाटतो. दोष त्यांच्या बुद्धीचा नव्हता. ज्या आकड्यांवर ते काम करत ते आकडेच खोटे होते. मंत्री मागणी फुगवून पाठवत आणि क्षमता कमी दाखवत. कारण यंदा लक्ष्य ओलांडलं तर पुढच्या वर्षी तेच नवं किमान लक्ष्य ठरे. लक्ष्य टनांत असेल तर कारखाना जड माल काढी. छताची झुंबरं अकारण वजनदार बनतात, अशी जाहीर तक्रार खुद्द पक्षप्रमुख ख्रुश्चेव यांनी केली होती.

ख्रुश्चेव यांनी 1957मध्ये बहुतेक उद्योग मंत्रालयं मोडून शंभरावर प्रादेशिक परिषदा नेमल्या. मग प्रत्येक प्रदेश आपापलंच पाहू लागला. कोसिगिन यांनी 1965मध्ये मंत्रालयं परत आणली आणि सोबत सुधारणाही. कारखान्याला वरून येणारी लक्ष्यं कमी करायची, विक्री आणि नफ्याला महत्त्व द्यायचं, नफ्यातला वाटा कामगारांच्या बक्षिसाला ठेवायचा. मंत्रालयं आणि सुधारणा या दोन गोष्टी एकत्र नांदणाऱ्या नव्हत्या. परत आलेल्या मंत्रालयांना कारखान्यांवरची हुकूमत सोडायची नव्हती आणि 1968मध्ये प्रागमधल्या सुधारणा रणगाड्यांनी चिरडल्यानंतर पक्षाला सुधारणा हा शब्दही नकोसा झाला. पश्चिम सायबेरियाच्या तेलाने पैसा दिला, त्या पैशाने परदेशी धान्य येऊ लागलं आणि ताळेबंद जुळल्यासारखे दिसले. कोसिगिन यांनी ऑक्टोबर 1980मध्ये पद सोडलं आणि 18 डिसेंबरला ते गेले. दुसऱ्या दिवशी ब्रेझनेव्ह यांचा वाढदिवस होता, म्हणून ती बातमीसुद्धा लगेच जाहीर झाली नाही.

मला सगळ्यात अस्वस्थ केलं ते मंत्रालयांमधल्या भिंतींनी. दुसऱ्याचा माल वेळेवर येईल यावर कोणाचा भरवसा नव्हता, म्हणून प्रत्येक मंत्रालय स्वतःचे खिळे-बोल्ट, स्वतःच्या विटा, स्वतःची यंत्रं बनवू लागलं. सर्वांत उंच भिंत होती मध्यम यंत्रबांधणी मंत्रालयाची. या साध्या नावाआड देशाचा बहुतेक अणुकार्यक्रम होता. 1957पासून तिथे येफिम स्लाव्स्की मंत्री होते. 1975मध्ये या मंत्रालयाच्या लेनिनग्राड अणुकेंद्रात अपघात झाला आणि त्या प्रकारच्या अणुभट्टीतले दोष दिसून आले. चेर्नोबिलमध्ये अणुभट्टी त्याच प्रकारची होती, पण केंद्र ऊर्जा मंत्रालयाकडे होतं. तिथे भट्टी चालवणाऱ्यांना त्या अपघाताची हकिकत कळवली गेली नाही. एप्रिल 1986मध्ये भट्टी फुटली. एकाच मंत्रिपरिषदेत बसणाऱ्या दोन मंत्र्यांच्या खात्यांत एका कागदाची देवाणघेवाण झाली असती, तर त्या रात्री भट्टीपाशी उभ्या असलेल्यांना आपण कशाशी खेळतोय हे निदान ठाऊक असतं. हे आठवलं की आजही राग येतो. स्लाव्स्की त्याच वर्षी, वयाच्या 88व्या वर्षी निवृत्त झाले.

याच सुमारास मोडतोड सुरू झाली. शेतीशी संबंधित पाच मंत्रालयं एकत्र करून 1985मध्ये एक महाखातं बनवलं आणि 1989मध्ये तेही गुंडाळलं. 1986मध्ये तेलाचे भाव कोसळल्यावर ताळेबंद जुळवायला काही उरलं नाही. जानेवारी 1991मध्ये मंत्रिपरिषद बरखास्त होऊन पावलोव्ह यांचं नवं मंत्रिमंडळ आलं. 19 ऑगस्टला राष्ट्राध्यक्षांविरुद्ध झालेल्या बंडात पंतप्रधान पावलोव्ह, संरक्षणमंत्री याझोव्ह आणि गृहमंत्री पुगो हे तिघेही सामील होते. त्या संध्याकाळच्या बैठकीत बहुतेक मंत्र्यांनी पाठिंबा दिला किंवा मौन पाळलं. विरोध केलेल्यांत होते पर्यावरणमंत्री निकोलाय व्होरोन्त्सोव्ह, जीवशास्त्रज्ञ आणि पक्षाचं सदस्यत्व नसलेले मंत्री. कोण काय बोललं ते त्यांनी बैठकीतच लिहून घेतलं आणि नंतर ते वृत्तपत्रात छापून आलं. 28 ऑगस्टला सर्वोच्च सोव्हिएतने, म्हणजे संसदेने, संपूर्ण मंत्रिमंडळावर अविश्वास दाखवून ते घरी पाठवलं. चौऱ्याहत्तर वर्षांत एखाद्या मंत्रिमंडळाला संसदेने असं काढून टाकण्याची ती पहिली वेळ होती, आणि त्यानंतर चार महिन्यांत तो देशही उरला नाही.