एकच आवाज, दोन कॅसेटी

पाटस गावाला प्रल्हाद शिंदे वर्षातून दोन वेळा मोठ्याने ऐकू येतात. एकदा १४ एप्रिलला, बौद्ध वस्तीतल्या मंडपातून. दुसऱ्यांदा आषाढीच्या आधी, तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम आटोपून पाटसवरून रोटी घाटाकडे निघते तेव्हा, रस्त्याकडेच्या टपऱ्यांतून आणि वारकऱ्यांना चहा-फराळ वाटणाऱ्या मंडळांच्या कर्ण्यांतून. एप्रिलमध्ये हा आवाज बाबासाहेबांचा जयजयकार करतो, आषाढात तो पंढरीची वाट चालतो. एका चांगल्या शिकलेल्या गृहस्थांनी मला एकदा विचारले होते, "ते पंढरीवाले शिंदे आणि तुमचे जयंतीवाले शिंदे नात्यातले का हो?" मी म्हटले, "नात्यातले कसले साहेब, एकाच गळ्यातले!"

या प्रश्नाला हसावे असे प्रथम वाटते. पण त्या गृहस्थांचा त्यात काही दोष नाही. त्यांच्या घरी निवडक गाण्यांची जी कॅसेट होती तिच्यावर गंध लावलेल्या भक्तिगीतांचे चित्र होते. आमच्या घरी जी होती तिच्यावर निळा झेंडा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. कंपन्यांनी एका माणसाच्या आयुष्याची दोन दुकाने मांडली होती. ज्याने त्याने आपापल्या दुकानातून माल नेला.

निवडक गाण्यांची कॅसेट म्हणजे कंपनीच्या दृष्टीने सर्वांत स्वस्तात पडणारा माल. गाणी आधीच ध्वनिमुद्रित झालेली असतात. नवा स्टुडिओ नको, वादक नकोत, तालमी नकोत. कपाटातली मूळ टेप काढायची, खपलेली दहा-बारा गाणी एका रिळावर घ्यायची, डबीतला कागद नवा छापायचा, त्यावर 'सुपरहिट' किंवा 'सदाबहार' असा शब्द टाकायचा, की झाली नवी कॅसेट. पुढे तीच सीडी झाली. आता तीच मोबाईलवर दोन-दोन तास अखंड वाजते. मी वाणिज्य शाखेचा माणूस, हिशेबाच्या वह्यांत आयुष्य चालले आहे, त्यामुळे अशी कॅसेट हातात आली की गाण्याआधी माझ्या मनात प्रश्न येतो तो हा, की यातले कोणाच्या नावावर किती जमा झाले?

पण आधी गायकाविषयी. प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ सालचा. आई सोनाबाई आणि वडील भगवानराव हे दोघेही गाऊन-वाजवून पोट भरणारे. भजन म्हणावे, पेटी-तबला वाजवावा, लोकांनी दिलेल्या पैशांवर घर चालवावे. मुलाचे गाणे अशा घरात शिकले गेले. गंडा बांधणारा गुरू कोठून यायचा! पुढे ते मुंबईत इस्माईल आझाद यांच्या कव्वाल पार्टीत कोरसला बसले. इस्माईल आझाद म्हणजे १९५८ सालच्या 'अल हिलाल' चित्रपटातल्या कव्वालीने देशभर गाजलेले कव्वाल. त्यांच्या मागे बसून टाळ्या धरायच्या, मुख्य गायकाने टाकलेली ओळ झेलायची, त्याला दम घ्यायला उसंत द्यायची आणि स्वतःचे नाव कोठेही येऊ द्यायचे नाही, हे कोरसवाल्याचे काम.

आपल्यातल्या अनेक गायकांचे शिक्षण या कोरसमध्येच झाले आहे हे तरुण पिढीने लक्षात घ्यावे. कोरसमध्ये बसणाऱ्याला आवाज मोकळा सोडावा लागतो, कारण पुढे एकच माईक आणि तोही मुख्य गायकापाशी. ताल चुकला तर टाळीने लगेच उघडे पडते. रात्री दहाला सुरू झालेला सामना पहाटेपर्यंत चालतो आणि त्यात गळा बसू द्यायचा नाही. प्रल्हाददादांच्या वरच्या पट्टीतल्या आवाजाला जी धार आहे ती अशा रात्रींची आहे, असे मला वाटते. कोरसमधून उठून ते पुढच्या बैठकीवर आले आणि स्वतःच्या नावाने गाऊ लागले. हे स्वतंत्र गाणे म्हणजे एकट्याचे गाणे मात्र कधीच नव्हते. ढोलकी, तबला, पेटी, बेंजो आणि मागे टाळ्या वाजवणारी चार-सहा माणसे, असा तो संसार. त्या माणसांची नावे कोणत्याच कॅसेटवर नाहीत.

शिंदे घराणे मूळचे मंगळवेढ्याचे. चोखोबांचा शेवट जेथे वेस बांधताना भिंत कोसळून झाला तेच हे मंगळवेढे. चोखोबा आयुष्यभर पंढरीच्या विठ्ठलासाठी झुरले आणि देवळाच्या बाहेरच राहिले. त्यांच्यानंतर सहाशे वर्षांनी, १९४७ सालच्या मे महिन्यात, साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केले तेव्हा कोठे ते देऊळ अस्पृश्यांना उघडले. प्रल्हाददादा तेव्हा १४ वर्षांचे असतील. आणि आज पंढरीच्या वाटेवर सर्वांत जास्त ज्याचा आवाज वाजतो तो गायक आपल्या समाजातला! 'पाऊले चालती पंढरीची वाट' हे दत्ता पाटलांचे गीत, मधुकर पाठकांनी चाल लावलेले, प्रल्हाददादांनी असे गायिले की पालखी सोहळा त्याच्याशिवाय पुरा होत नाही.

येथे आपल्या घरांतला जुना वाद येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला २२ प्रतिज्ञा दिल्या. ज्या समाजाने देव-देव करणे सोडले, त्या समाजाच्या गायकाने विठ्ठलाची गाणी का गावी? पाटसला, दौंडच्या रेल्वे वसाहतीत, शिरूरकडच्या गावांत, कार्यकर्त्यांच्या बैठकीत हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. काही घरांत तर पंढरीची गाणी लागली की टेपरेकॉर्डर बंद करणारे वडील होते. मी त्यांना चुकीचे म्हणणार नाही. धम्म घेतलेल्या घरात काय वाजावे हे त्या घराने ठरवावे, आणि आमच्या घरीही विठ्ठलाची कॅसेट नव्हती.

परंतु गायकावर दात धरणे मला कधी पटले नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. देव न मानणाऱ्या त्या महामानवाने चोखोबांची थोरवी नाकारली नाही. शिवाय ज्याचे पोट गळ्यावर आहे त्याला कंपनी जे गायला लावील ते गावे लागते. भीमगीताला बारा महिने बाजार नव्हता. एप्रिल, ऑक्टोबर आणि डिसेंबर, एवढेच त्याचे हंगाम. राहिलेले नऊ महिने गायकाच्या घरची चूल कशी पेटायची? असा प्रश्न करणाऱ्यांनी आपल्या पाटस-दौंडकडच्या ऊसतोड कामगाराला विचारावे, हंगाम संपल्यावर तो काय काय करतो. मला विचाराल तर राग यावा तो दुसऱ्याच गोष्टीचा. ज्यांनी त्यांच्या पंढरीच्या गाण्यांवर माना डोलावल्या, त्यांच्यापैकी किती जणांनी भीमगीतांची कॅसेट उत्सुकतेने का होईना एकदा लावून पाहिली?

भीमगीताला खरे घर मिळाले ते कॅसेटमुळे. आधीच्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. कव्वालीचा तर त्यात जीवच गुदमरतो. तबकडी वाजवायचे यंत्र कामगाराच्या खोलीत कोठून असणार! १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि टेपरेकॉर्डर हप्त्याने मिळू लागला. लहान-मोठ्या कंपन्या जयंतीच्या तोंडावर नव्या भीमगीतांचे गठ्ठे बाजारात आणू लागल्या. १ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या जयस्तंभाला जाणाऱ्या रस्त्यावर पुस्तके, बिल्ले, दिनदर्शिका यांच्या शेजारी कॅसेटींच्या पाट्या लागत. ज्या आईला अक्षर येत नव्हते तिला महाडचे तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, पुणे करार हे सगळे पाठ होते, कारण ते चालीत होते. रेडिओवरून हे कधी मिळाले नसते. विठ्ठल उमप, सुषमादेवी, वैशाली शिंदे हे आवाज आपल्या घरातलेच झाले. जलशांचे हे मोल बाबासाहेबांनी फार आधी ओळखले होते.

आता गीतकारांकडे येतो, कारण माझे खरे दुखणे तेथे आहे. २००४ साली १५ मे रोजी वामनदादा कर्डक गेले आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे गेले. मध्ये फक्त ३९ दिवस. गायकाचे गाणे तरी रिळावर राहिले. वामनदादा १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले. मुंबईत मोलमजुरी केली, मोठेपणी अक्षरे शिकले आणि पुढे हजारो गीते रचून गावोगाव स्वतः गात हिंडले. ती गीते अनेक गायकांनी गायिली. निवडक गाण्यांच्या कॅसेटीवर मात्र गायकाचा फोटो मोठा आणि गीतकाराचे नाव बारीक टाइपात, पुष्कळदा तेही नाही. मोबाईलवर तर नाव घालायची जागाच कोणी पाहत नाही. गाणे 'पारंपरिक' होऊन जाते. जणू ते झाडाला लागले होते!

वामनदादांनी यावर आपला बंदोबस्त करून ठेवला होता. जुन्या संतांप्रमाणे ते शेवटच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा घालत. कंपनीने कागदावरचे नाव गाळले तरी गाण्यातले नाव गळत नाही. पण कार्यक्रमात वेळ कमी पडला, की पहिल्यांदा कापले जाते ते शेवटचेच कडवे. जयंतीला गाणी बसवणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे असते, की मधले कडवे गाळा, शेवटचे गाळू नका. त्यात कवीची सही आहे.

आणि हिशेबाचे म्हणाल, तर गाणे म्हणजे मालमत्ता आहे, शेताच्या सातबाऱ्यासारखी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ही ६० वर्षे पुढच्या सालाच्या सुरुवातीपासून मोजतात. म्हणजे वामनदादांच्या गीतांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०६४ पर्यंत आहे. गायकाला तर १९९५ च्या मे महिन्यापर्यंत कायद्यात स्वतःचा हक्कच नव्हता. त्यामुळे प्रल्हाददादांच्या भरातल्या काळात सगळा खेळ रोख मानधनाचा. एकदा पैसे घेतले, पावतीवर सही केली, की पुढे कॅसेट किती का खपेना. २०१२ साली कायदा पुन्हा सुधारला. गीतकार आणि संगीतकार यांनी हक्क कंपनीला लिहून दिले तरी मानधनातला त्यांचा वाटा त्यांच्याकडून काढून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा त्यांच्या संस्थेला देता येतो. जुन्या करारांना हा नियम कितपत लागतो यावर वाद आहेत. तरी नव्या गीतकाराने कोऱ्या कागदावर सही करू नये एवढे तर त्यातून निश्चित कळते.

आपल्या प्रत्येक तालुक्यात दोन-चार तरी शाहीर होऊन गेले. त्यांच्या वह्या माळ्यावर, ट्रंकेत, क्वचित वाण्याच्या रद्दीत असतात. घरच्यांनी त्या आधी शोधाव्यात. गाण्याचे पहिले पान, तारीख असेल तर ती, कोणत्या कॅसेटवर कोणी गायिले, कंपनीचे नाव, एवढे एका कागदावर लिहून काढावे. जुन्या कॅसेटीची डबी फेकू नये, कारण तिच्यातला कागद हा पुरावा असतो. गीतकार-संगीतकारांचे मानधन गोळा करून वाटणारी 'आयपीआरएस' ही संस्था मुंबईत आहे आणि वारसांनाही तिचे सभासद होता येते. गायकांची अशीच संस्था २०१३ साली स्थापन झाली. अर्ज भरणे कोणाला जड जात असेल तर वस्तीतला एखादा कारकून किंवा कॉलेजात जाणारी मुलगी ते काम एका रविवारी करील.

शिंदे घराण्यात गाणे थांबलेले नाही. आनंद आणि मिलिंद या मुलांनी लग्नाच्या वरातींपासून जयंतीच्या मिरवणुकीपर्यंत महाराष्ट्र नाचवला. नातू आदर्श यांचे 'देवा तुझ्या गाभाऱ्याला' हे 'दुनियादारी' चित्रपटातले गाणे २०१३ साली घरोघर पोहोचले, आणि पुढे २०१९ साली दूरदर्शनच्या पडद्यावर बाबासाहेबांची मालिका आली तेव्हा तिच्या शीर्षकगीतालाही आवाज त्यांचाच. आजोबांच्या दोन्ही वाटा नातवापाशी आहेत. यांच्या मागे घराणे होते, कंपन्या होत्या. दुसरीकडे कडुबाई खरात यांच्याकडे पहा. हातात एकतारी, दारोदार गाऊन पोट भरणारी ही माउली. कोणी तरी मोबाईलवर तिचे गाणे टिपले आणि ते गावोगाव पसरले. कॅसेट नाही, डबी नाही, कागदही नाही. त्या गाण्याखाली कवीचे नाव लिहिण्याची तसदी किती जणांनी घेतली ते ज्याने त्याने आपल्या मोबाईलमध्ये पाहावे. येत्या जयंतीला आमच्या वस्तीत गाणी लावणाऱ्या पोरांकडे मी एक वही देणार आहे. प्रत्येक गाण्यापुढे तीन रकाने असतील. गीतकार, संगीतकार, गायक. रकाना भरल्याशिवाय गाणे लागणार नाही. पोरे आत्तापासूनच कुरकुर करीत आहेत.