रिकामी पिकअप मागून उंच का असते?

चाकावरचे गणित : लेखांक ९

करंजा बंदरावर मासळी भरायला आलेल्या पिकअप एका रांगेत उभ्या असताना बाजूने पाहाव्यात. रिकाम्या गाड्या नाकावर झुकल्यासारख्या दिसतात आणि त्यांचा हौदा मागे उचललेला असतो. बर्फ आणि मावऱ्याचे क्रेट भरून निघालेली गाडी मात्र सरळ असते. पहिले रूप अनेक मालकांना खटकते आणि मग गॅरेजात मागणी होते, ‘मागून जरा बसवून द्या, गाडी लेव्हल दिसली पाहिजे.’ गेल्या आठवड्यात आपण टायरमधल्या हवेचा विचार केला. या आठवड्यात या मागणीचा करू. माझे म्हणणे असे की, रिकाम्या पिकअपचा हा चढ दोष नाही. ती मालासाठी राखून ठेवलेली जागा आहे आणि तिला हात लावण्याचे कारण एकच असू शकते: आधीच कोणीतरी तिला हात लावलेला असणे.

पिकअपचे इंजिन आणि केबिन पुढे असते, हौदा मागच्या ॲक्सलवर. माल चढला की पुढच्या चाकांवरचे ओझे थोडेच वाढते, जवळपास सगळा भार मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर येतो. पावणेदोन टनांच्या आसपास भारक्षमता असलेल्या पिकअपमध्ये तर मालाचे वजन गाडीच्या स्वतःच्या वजनाजवळ जाते. म्हणजे तेच पाटे सकाळी जवळजवळ काहीच पेलत नाहीत आणि तासाभराने दीड टनाच्या वर पेलतात. एवढा फरक सोसायचा तर रिकामेपणी त्यांची कमान चढी ठेवावीच लागते. आता टेप लावून पाहावा. ॲक्सल आणि चासी यांच्यामध्ये रबराचा एक ठोकळा असतो, तो बंप स्टॉप. समजा, रिकाम्या गाडीत ॲक्सल आणि तो ठोकळा यांत १२ सेंटिमीटर अंतर आहे आणि पूर्ण भाराने त्यातले ८ संपतात. उरलेले ४ सेंटिमीटर खड्ड्यांसाठी आहेत. दिसायला बरी म्हणून गाडी मागून ४ सेंटिमीटर खाली घेतली, तर भरल्या गाडीकडे खड्ड्यांसाठी काहीच उरत नाही. मग प्रत्येक खड्ड्याचा दणका पाट्यांऐवजी थेट चासीला, आणि चासीतून हौद्याच्या जोडांना बसतो. जेएनपीएच्या कंटेनर ट्रेलरांबरोबर उरण ते पनवेल पावसाळ्यात जाणाऱ्या गाडीने हे ४ सेंटिमीटर उधळणे परवडणारे नाही.

गाडी खाली घेण्याचे मार्ग काय आहेत, हेही पाहू. सगळ्यात स्वस्त म्हणजे एक पाटा काढून टाकणे. सारख्या जाडीचे सहा पाटे असतील आणि एक काढला, तर संचाचा कडकपणा एक षष्ठांशाने घटतो, पण उरलेल्या प्रत्येक पाट्यावरचा ताण एक पंचमांशाने वाढतो. ताण वाढतो त्याहून कितीतरी वेगाने पाट्याचे आयुष्य घटते, कारण पाटा एका मोठ्या ओझ्याने क्वचित तुटतो. तो तुटतो वारंवार वाकून. दुसरा मार्ग गॅसच्या ज्योतीने पाटा लाल करून कमान उतरवण्याचा. हा सगळ्यात वाईट. पाट्याचे पोलाद आधी तापवून पाणी दिलेले आणि मग ठरावीक तापमानाला पुन्हा मऊ केलेले असते. ज्योत लागलेल्या जागी ती सगळी मेहनत पुसली जाते. तो पाटा एकतर बसतो किंवा तिथेच तडकतो. तिसरा मार्ग वेगळ्या लांबीचे शॅकल, म्हणजे पाट्याचे एक टोक चासीला जोडणारी कडी, बसवण्याचा. ॲक्सल पाट्याच्या मधोमध असल्याने शॅकलमधल्या फरकाच्या साधारण निम्माच फरक गाडीच्या उंचीत पडतो. ४ सेंटिमीटरच्या बदलातून जेमतेम २ मिळतात. शिवाय पाट्याचे एकच टोक हलल्याने ॲक्सल किंचित फिरतो, प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन बिघडतो आणि गाडी थरथरू लागते. ॲक्सल पाट्यांच्या खालून काढून वर बसवण्याचाही एक मार्ग आहे. त्यात उंची इतकी घटते की मालवाहू गाडीसाठी तो विचारातही घेऊ नये.

ब्रेक आणि दिवे यांचा संबंध फार थोड्यांच्या लक्षात येतो. काही पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला सळईने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. गॅरेजात त्याला एलएसपीव्ही म्हणतात. चासी ॲक्सलच्या जवळ आली की तो समजतो, माल भरला. आणि मागच्या ब्रेकना जास्त दाब देतो. खाली घेतलेली रिकामी गाडी त्याला भरलेलीच वाटते. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला, की हलकी मागची चाके जाम होऊन शेपूट फिरते. दिव्यांचे गणित तर कागदावर करता येते. दोन ॲक्सलमध्ये ३ मीटर अंतर असलेली गाडी मागून ५ सेंटिमीटर खाली गेली, तर दिव्याचा झोत जवळपास एक अंशाने वर चढतो. १०० मीटरवर ही वाढ दीड मीटरहून अधिक होते आणि डिप केलेला दिवाही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. यावर उत्तर मिळते की, दिवे खाली करून घेऊ, व्हॉल्व्हची सळईही जुळवून घेऊ. घेता येईल. पण पाटा काढला असेल तर रिकामी आणि भरलेली या दोन अवस्थांतला फरक आधीपेक्षा वाढलेला असतो. एका अवस्थेला जुळवले की दुसरी आणखी बिघडते.

खरा वजनदार आक्षेप वेगळा आहे. रिकामी पिकअप मागून उडते, चालकाची कंबर धरते, वळणावर मागचा भाग नाचतो. खाली घेतली की हे कमी होते, असे चालक सांगतात. त्यांचा अनुभव खोटा नाही. पण त्यांना जाणवतो तो पाट्यांच्या कडकपणातला फरक. उंचीचे श्रेय त्यात थोडे. एक पाटा गेला म्हणून गाडी मऊ चालली आणि सोबत पेलण्याची ताकदही गेली. उडण्यावरचा इलाज आधी शॉक ॲब्सॉर्बरमध्ये आणि रिकाम्या फेरीत टायरच्या हवेत शोधावा. एक अपवाद मी मान्य करतो. दोन रांगांच्या आसनांची, घरगुती वापराची पिकअप माल नेतच नसेल, तर तिला तज्ज्ञाकडून मऊ पाट्यांचा पूर्ण संच बसवण्याचा विचार होऊ शकतो. मासळी नेणाऱ्या गाडीला हा अपवाद लागू नाही. चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांना खालचा हौदा सोयीचा पडतो, हेही सांगितले जाते. पण पहिले काही क्रेट चढले की हौदा आपोआपच खाली येऊ लागतो.

आता उलट बाजू. आपल्याकडे पाटा काढणाऱ्यांपेक्षा वाढवणारे खूप. जास्त माल नेता यावा म्हणून एक-दोन पाटे जादा घालायचे, ही जुनी रीत. त्याने रिकामी गाडी आणखी उचलली जाते, दणके वाढतात आणि गाडी विकली गेली की नवा मालक गॅरेजात येऊन ‘बसवून द्या’ म्हणतो. जादा पाट्याने ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक किंवा टायर यांची ताकद तसूभर वाढत नाही. कायद्यालाही तो माहीत नाही: नोंदणीत लिहिलेले एकूण वजन तेच राहते आणि त्यावर गेल्यास २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. गाडीत परवानगी नसलेला फेरफार केल्यास कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. व्यावसायिक गाडी फिटनेससाठी आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी न्यावी लागते, तेव्हा हा हिशेब कधी ना कधी समोर येतोच.

करंजाच्या गाड्यांना याखेरीज एक खास दुखणे आहे. बर्फ वितळून मासळीचे खारट पाणी हौद्याच्या फटींतून नेमके पाट्यांवर गळते. पाट्यांच्या मधल्या फटीत गंज फुगतो, पाटे एकमेकांवरून सरकेनासे होतात, शॅकलची पिन जाम होते. अशी गाडी मागून ताठ, उचललेली आणि दणकेबाज होते. मालक म्हणतो पाटे जास्त आहेत. प्रत्यक्षात ते गंजाने धरलेले असतात. तिथे एक पाटा काढणे म्हणजे आधीच खवले पडून कमजोर झालेल्या उरलेल्या पाट्यांवर आणखी ताण टाकणे. म्हणून काहीही काढण्याआधी तपासणीचा क्रम पाळावा. दोन्ही बाजूंचे पाटे मोजून कंपनीच्या पुस्तिकेशी ताडावेत. जादा निघाला, तर तो खुशाल काढावा. गाडी खाली घेण्याचा हा एकच योग्य प्रकार. संख्या बरोबर असेल, तर पिना आणि बुश सोडवून, गंज खरवडून ग्रीस भरावे, आणि पुढच्या स्प्रिंगा बसलेल्या नाहीत ना ते पाहावे. पुढून बसलेली गाडीही मागून उंच दिसते. शेवटी वजनकाट्यावर नेहमीच्या मालासह आधी पूर्ण गाडी आणि मग फक्त मागची चाके चढवून दोन आकडे घ्यावेत आणि नोंदणीतल्या वजनाशी ताडावेत. त्याच वेळी सपाट जागेवर मागच्या चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या कडेपर्यंत टेप लावावा.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात गाड्या रिकाम्या असतात आणि गॅरेजवाल्यालाही सवड असते. पिना सोडवण्याचे, गंज काढण्याचे काम तेव्हाच उरकून घ्या. गाडी उंच की सरळ, हे मात्र ऑगस्टमध्ये पहिला माल भरल्यावर ठरवा.